अनुभव धागा : आईवडिलांचा देव तुमचा कधी झाला?

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी दृढीकरणाचा वर्ग घेते : लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करतात, त्याची तयारी. परवा नववीतल्या एका मुलानं विचारलं, "ताई, मी ख्रिस्ती आहे हे ठरवलं कुणी?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्याला ते पटलं नाही, आणि रात्री भांडी घासताना मलाही पटेना. म्हणून हा धागा.

एक विनंती. साक्ष द्यायचा, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगायचा, आपला एक साचा झालाय : आधी अंधार, मग ती एक रात्र, मग उजेड आणि हल्लेलूया. तसंच घडलं असेल तर जरूर लिहा, पण त्यानंतरच्या सोमवारी काय झालं तेही लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, बाप्तिस्मा न घेतलेले, सोडून गेलेले, सगळे या. कुणाचा पंथ खरा हा वाद इथे नको.

माझ्यापासून सुरुवात. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' शिकवताना बाई म्हणाल्या, "हे कवी पुढे ख्रिस्ती झाले," आणि अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण जणू तो मीच घडवून आणला होता! घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, रविवारी आपण गातो त्यातली कितीतरी पदं त्यांचीच." छाती फुगली. पण ती नुसती फुगलेली छाती होती हे कळायला पंचविशी उजाडावी लागली. शेजारच्या काकूंचा मुलगा अपघातानंतर आयसीयूत होता. काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांग गं जरा." घरात मी एकटी. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पाठ होतं, पण त्यात काकूंच्या मुलाचं नाव कुठे घालायचं? त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या शब्दांत बोलले. अडखळत, दर वाक्याला "म्हणजे" लावत. मुलगा वाचला की नाही ते मुद्दाम लिहीत नाही.

पुण्याहून, वय ६८

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली आणल्या त्यांतली ती एक. तिला स्वतःचं गाव सांगता येत नव्हतं, जात नाही, आडनाव नाही. आमच्याकडे फॉर्मवर 'मूळ गाव' आलं की सगळे केडगाव लिहितो. त्याच्या मागे रस्ता संपतो.

लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणी कुलदैवताला जायच्या, देशमुखी वाड्याच्या गोष्टी सांगायच्या, आणि आमचा वंशवृक्ष एका रेल्वे स्टेशनपाशी सुरू! रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, छपाई तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातून झाली. त्याची एक प्रत आमच्याकडे आहे. पणजीनं त्यात काय वाचलं असेल ते कळायला मार्ग नाही, पण त्यातल्या यशया या पुस्तकाच्या एका पानाचा खालचा कोपरा बोटांनी इतका काळा पडलाय की अक्षरं बुजलीत. दुसऱ्या बायबलात ओळ ताडून पाहिली : 'मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे.' जिला आपलं मूळ नावही धड आठवत नव्हतं, तिचं बोट तिथे फिरत होतं. मी तेव्हा चाळीस वर्षांची. माझी साक्ष विचाराल तर तो काळा कोपरा, एवढीच.

श्रीरामपूर तालुका

थोडं टोचेल असं लिहितो. आमच्या घरात भिंतीवर क्रूस, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची यात्रा, आजीबरोबर पायी. यात्रेत निम्मे लोक हिंदूच असायचे, नवस फेडायला आलेले, त्यामुळे आपण कुणी वेगळे आहोत असं तिथे कधी वाटलं नाही. वेगळेपण कळलं ते दाखल्यावर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. माझा चुलतभाऊ बौद्ध. पणजोबा दोघांचे एकच, गावकुसाबाहेरची वस्ती एकच, शाळेत पाण्याला वेगळा तांब्या दोघांच्या आज्यांना सारखाच. त्याला सवलत, मला नाही.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांनी 'हिंदू' लावून ठेवलं होतं. त्यांचा दोष नाही, पोरांची पोटं होती. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, त्याला तीनदा नाकारलं, मी दर जूनमध्ये फॉर्म भरायचो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते थांबवलं, कागद बदलून घेतले आणि ओबीसीत गेलो. कचेरीतल्या बाबूनं तीनदा विचारलं, "नक्की ना? लोक उलटं करून घ्यायला येतात." पुढे दोन नोकऱ्या हुकल्या. लोकांना वाटतं मी फार शांत झालो असेन. नाही झालो, अजूनही हिशेब करतो. बहिणीनं कागद बदलले नाहीत, आणि ती माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते.

वसईहून

आमच्याकडे ख्रिस्ती असणं म्हणजे वाडीतल्या विहिरीसारखं, ती कुणी खोदली ते कुणी विचारत नाही. आजी लुगड्यात, कादोडी या इथल्या बोलीत बोलणारी. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये, म्हणून ती मिस्साभर आपली रोझरी ओढत बसायची. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी मिस्सा सुरू झाली, तर म्हणाली, "आता फादर काय बोलतो ते कळतं, पण झोप लागत नाही."

मी रविवारपुरता होतो. वडील फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या, झाडं-पाणी वाचवायच्या मोर्च्यांना जायचे. मला ते राजकारण वाटे. एकदा ते एका पायात चप्पल घालून घरी आले, आईनं पायाला हळद लावली, आणि ते जेवणाआधीची प्रार्थना रोजच्यासारखीच म्हणाले, फक्त 'आमची रोजची भाकर' म्हणताना थांबले. आमच्या विहिरीचं पाणी त्या उन्हाळ्यात खारट झालं होतं. त्या थांबण्यात मला बरंच काही कळलं. आणखी नीट सांगता येत नाही.

कोथरूड

आमच्याकडे आधी नवरा ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्यापाठोपाठ जायला पाच वर्षं लागली, मला अकरा. मी ब्राह्मण घरातली. त्याच्यासाठी नव्हे, चुकून वाचलेल्या बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानासाठी गेले, हे सासरी-माहेरी कुणालाच खरं वाटत नाही. मंडळीतल्या काही बायका प्रेमानंच म्हणाल्या, टिकली काढा. मी नाही काढली.

खरी गोष्ट गौरींची. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या वर्षी माहेरी गेले. मनात धाकधूक, प्रसादाचं ताट समोर आलं तर काय करू? घेतलं तर इकडे खोटी, नाही घेतलं तर आईचं मन मोडणार. स्वयंपाकघरात शिरले तर आईनं पहिली पुरणपोळी तव्यावरून काढली, तुपाचा गोळा टाकला आणि ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवली. म्हणाली, "ही तुझी. अजून नैवेद्य दाखवलेला नाही. आता खाऊन घे."

ज्यांच्या घरी सोवळं असतं त्यांना कळेल. त्या बाईनं सत्तर वर्षांत नैवेद्याआधी घास कुणाला दिला नव्हता, तापलेल्या पोरालासुद्धा नाही. मी ओट्यापाशी उभी राहून खाल्ली. ती पाठमोरी लाटत होती. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. प्रवचनात 'कृपा' हा शब्द आला की मला तव्याचा वास येतो.

दुबईहून

थोडक्यात. इथे वर्षानुवर्षं उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी तेव्हा. २०२२ ला शनिवार-रविवार सुट्टी झाली. रविवार परत मिळाला तर चुकल्यासारखंच वाटतं. देवाला कॅलेंडर नसतं हे कळलं, मला होतं.

नाव-गाव नको

मी सोडून गेलो, बोलावलंत म्हणून लिहितो. विश्वास नाही उरला. पण आई गेली तेव्हा कबरीपाशी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणायला पाळकांनी सुरुवात केली आणि त्यांचाच कंठ दाटला. पुढचं मी म्हटलं, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. मी काय आहे ते तुम्हीच ठरवा.

धागाकर्ती

ठरवत नाही. म्हटलंत हे चांगलं केलंत.

कोथरूडच्या ताई, टिकली अजून आहे?

कोथरूड

आहे. रविवारीही.

धागाकर्ती

वर्गातल्या त्या मुलाला हे सगळं वाचून दाखवणार होते. तो येत्या रविवारी येणार नाहीये, त्याची क्रिकेटची मॅच आहे.