१२३४५६७८९ चे मूळ अवयव हातानं निघतात काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. पोरगा नववीत हाय, त्यानं काल जेवताना पैज लावली की पप्पा, १ ते ९ ओळीनं लिहून जी संख्या होते तिचे मूळ अवयव मोबाईल न घेता काढून दाखवा, नाहीतर कुंदा आणा. अंकांची बेरीज ४५ म्हणून ९ नं भाग गेला, राहिले १३७१७४२१. मग ७, ११, १३ करत पार ६१ पर्यंत भागत आलो, एकानंपण जाईना झालंय. हीच मूळ संख्या म्हणून सोडून देऊ काय? शेजारचं कन्नड मीडियमचं पोरगं नुसतं अविभाज्य अविभाज्य म्हणालाय, मला वाटलं कायतरी नवीनच सांगालाय, तर त्यांच्यात मूळ संख्येलाच तसं म्हणतात.

निपाणीचा_पाव्हणा:
बाथरूममधे जाऊन मोबाईल बघा की ओ 😄

खानापूरकर:
सोडू नका, मूळ नाही ती. पण असंच भागत गेलात तर पाचशेच्या वर मूळ संख्या तपासाव्या लागतील, दिवाळी येईल. उलटीकडनं जावा. वर्गमूळ काढा, ३७०३ आणि थोडं. आता त्याच्या पुढच्या आकड्याचा वर्ग करायचा, त्यातनं आपली संख्या वजा करायची आणि उरलेलं पूर्ण वर्ग हाय काय बघायचं. ३७०४ चा वर्ग १३७१९६१६, वजा करून २१९५, हा वर्ग नाही. ३७०५ चा १३७२७०२५, वजा करून ९६०४, हा बघा ९८ चा वर्ग! मग सातवीतलंच सूत्र, (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८), म्हणजे ३६०७ × ३८०३. सतराव्या शतकातल्या फर्माची रीत ही, माणूस फ्रान्समधला कोर्टकचेरीतला, गणित फावल्या वेळात. फक्त दोन अवयव जवळजवळ असले तरच अशी पटकन लागते, नाहीतर हीपण रडवते.

टिळकवाडीकर:
आयला, दोन पायऱ्यात! पण पोरगं विचारणार, ३६०७ आणि ३८०३ मूळ कशावरनं? परत भागत बसू काय?

खानापूरकर:
ते काम तुम्ही आधीच करून बसलाय की. यातल्या एकाला जरी ६१ पर्यंतच्या कुठल्या मूळ संख्येनं भाग जात असता तर १३७१७४२१ लापण गेला असता, आणि तुम्हाला तर एकपण सापडली नाही. ६१ च्या पुढची मूळ संख्या ६७, तिचा वर्ग ४४८९, दोन्हीपेक्षा मोठा. मग तपासायला राहिलं काय?

शहापूरची_ताई:
पोराला उलटा प्रश्न टाका, हेच नऊ अंक कसेपण फिरवून एकतरी मूळ संख्या करून दाखव म्हणावं. ३,६२,८८० प्रकारे लिहिता येतात, पण बेरीज ४५ च, म्हणजे सगळ्यांना ९ नं भाग जाणार. बसू दे त्याला रविवारभर. आणि १२३४५६७८९ ला ८ नं गुणून ९ मिळवा, गंमत बघा.

टिळकवाडीकर:
९८७६५४३२१ आलं! ताई, हे आज जेवताना काढतो. कुंदा आता त्याच्या पॉकेटमनीतनं.