देशाचा १०८ टक्के पाऊस आणि आमच्या मंडळाचे पर्जन्यमापक

काळी माती (परभणी):
'आकडेप्रेमी' यांनी गेल्या आठवड्यात जे टिपण लिहिले, त्याचा आशय थोडक्यात असा होता : २०२५च्या मोसमी पावसाने देशात सरासरीच्या १०८ टक्के मजल मारली, केंद्रीय जल आयोग ज्या १६१ जलाशयांचा साठा तेव्हा दर आठवड्याला जाहीर करत होता ते सप्टेंबरअखेर नव्वद टक्क्यांच्या आसपास भरले, खरिपाची पेरणी नेहमीच्या १,०९६ लाख हेक्टरांना मागे टाकून १,१२० लाखांच्या घरात पोहोचली; सबब शेतीच्या नावाने चाललेले रडगाणे आता पुरे करावे. या 'सबब'वर माझा आक्षेप आहे, आणि तो दोन ओळींत मावणारा नाही.

पहिली गोष्ट पावसाची. १०८ हा आकडा ज्या बेरजेतून निघतो, त्याच बेरजेत वायव्य भारताचे १२७ टक्के आहेत आणि ईशान्येचे ८० टक्के आहेत. आसामातल्या भातशेतकऱ्याची तूट राजस्थानातल्या पुराने भरून काढायची, ही सोय फक्त कागदावर होते. देशाच्या पातळीवर ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण', म्हणजे चार टक्के इकडे-तिकडे झाले तरी बातमी होते. जिल्ह्याच्या किंवा हवामान खात्याच्या उपविभागाच्या पातळीवर मात्र सरासरीपेक्षा उणे १९ ते अधिक १९ टक्के हे सगळे 'सर्वसाधारण'च. २०२३ साली मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र हे दोन्ही उपविभाग याच खुणेच्या आत राहिले, म्हणजे हवामान खात्याच्या नकाशावर ते हिरवे होते, आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा होता, देशात ३६ टक्के तूट; पण जुलैने आणि सप्टेंबरने आगेमागे बरसून हंगामाचा आकडा ९४वर आणून ठेवला. सोयाबीन फुलावर असताना जे पाणी आले नाही, ते शेंगा करपल्यावर आले, तरी बेरजेत दोन्ही पाणी सारखेच.

दुसरी गोष्ट पेरणीची. २०२५च्या मे महिन्यात पाऊस २४ तारखेला केरळात आणि २६ तारखेला मुंबईत पोहोचला, त्याला भुलून आमच्या शिवारात घाईने तिफणी चालल्या, आणि मग पाऊस जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. माझे चार एकर मी दोनदा पेरले. बियाण्याच्या पिशव्या दोनदा आणल्या, मजुरी दोनदा दिली, तक्त्यात मात्र माझे चार एकर एकदाच आले, 'पेरणी पूर्ण' या रकान्यात. धरणांच्या टक्केवारीबद्दल सवडीने लिहीन.

आकडेप्रेमी (मुंबई):
गुरुजी, आपला लेख भावनेला हात घालणारा आहे, पण ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तो आकडा तयारच केला जात नाही, त्या प्रश्नावर आपण त्याला नापास करीत आहात. देशाची बेरीज ही धान्याचा साठा किती ठेवावा, आयात कधी मागवावी, रिझर्व्ह बँकेने महागाईचा अंदाज काय धरावा, यासाठी असते. परभणीच्या चार एकरांत दुसऱ्यांदा तिफण चालली की नाही, हे दिल्लीतल्या तक्त्यात दिसावे, ही अपेक्षा म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात आपल्या घरच्या पाहुण्याचे नाव शोधण्यासारखे आहे. १८७७च्या दुष्काळाच्या वेळी असा एकही तक्ता नव्हता, आणि लाखो माणसे मेली. त्या धसक्यातूनच १८८६मध्ये हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी पहिला मोसमी अंदाज दिला.

द्राक्षमळा (निफाड):
तक्त्याचा उपयोग काय होतो, ते कांदा पिकवणाऱ्याला विचारा. ऑगस्ट कोरडा जातोय असे दिसताच १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. म्हणजे पाऊस पडला नाही तर पीक जाते, आणि पडला नाही हे तक्त्यात दिसले की उरलेल्या पिकाचा भावही जातो. ग्राहकासाठी आकडा वेळेवर पोहोचतो, आमच्यासाठी तो पंचनाम्यानंतर येतो.

निवृत्त अभियंता (पुणे):
मी ३१ वर्षे जलसंपदा विभागात काढली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो. गुरुजींनी एक गोष्ट लिहिली नाही, ती मी पुरवतो, म्हणजे त्यांना आणखी एक काठी मिळेल : देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरीसुद्धा स्थिर नाही. ती पूर्वी ८९ सेंटिमीटर होती, मग ८८ झाली, आणि १९७१ ते २०२०चा काळ धरल्यापासून ८७ आहे. यात लबाडी नाही, दर दहा वर्षांनी संदर्भकाळ पुढे सरकवण्याची पद्धत जगभर आहे.

परंतु गुरुजींचा मूळ सूर मला मान्य नाही. नोंदी वाईट आहेत म्हणून बेरीज वाईट, असे म्हणायचे असेल तर नोंदींबद्दल बोला. महसूल मंडळागणिक, म्हणजे गावांच्या एकेका गटागणिक, स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून सुरू आहे आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवू शकतो. किती जण नोंदवतात? मदतीची घोषणा झाली की मग तलाठ्याकडे रांग लागते.

कृषी सहायक (विदर्भ):
साहेब, त्या मंडळाच्या केंद्राबद्दल मी सांगतो. माझ्याकडे असलेल्या एका मंडळाचे केंद्र एका गावाच्या टोकाला आहे आणि मंडळात २३ गावे आहेत. एका रात्री सात गावांत नाले फुटले, बांध वाहून गेले, आणि केंद्रावर ५८ मिलिमीटर नोंद झाली. अतिवृष्टीची अट २४ तासांत ६५ मिलिमीटर आहे. सात मिलिमीटर कमी पडले म्हणून त्या गावांतल्या लोकांनी मला चावडीवर उभे करून जे ऐकवले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. पाऊस मी पाडत नाही आणि यंत्रही मी बसवलेले नाही.

पेरणीच्या आकड्याविषयीही प्रामाणिकपणे लिहितो. साप्ताहिक अहवाल वर पाठवायचा दिवस ठरलेला असतो, माझ्याकडे सहा गावे असतात, दोन सजांचा, म्हणजे दुसऱ्या गावगटांचा, अतिरिक्त भार असतो, आणि सगळ्या शिवारांत जाऊन पाहणे शक्य नसते. मग गेल्या वर्षीचे क्षेत्र समोर ठेवून, कृषी केंद्रावर कोणते बियाणे किती खपले ते विचारून नजरअंदाज भरला जातो. तो देशाच्या बेरजेत जाईपर्यंत त्याला दोन दशांश स्थळे लागलेली असतात.

आकडेप्रेमी (मुंबई):
दशांश स्थळांची थट्टा मान्य. तरीही हजारो नजरअंदाजांतल्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, हे संख्याशास्त्राचे साधे तत्त्व आहे.

काळी माती (परभणी):
चुका एकमेकींना खोडतात, हे खरे. पण त्या सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या नसतील तरच. पेरणीचा आकडा हंगामभर फक्त चढतो, तो उतरताना आपण कधी पाहिला आहे का?

सीनाकाठ (माढा):
उतरताना मी पाहिला आहे, तक्त्यात नव्हे, दारात. सप्टेंबरात सीनेचे पाणी आले तेव्हा माझी दोन एकर उडीद काढणीला आली होती, तूर कमरेएवढी होती. पाणी ओसरले तेव्हा तूर गेली होती आणि काही ठिकाणी मातीही गेली होती, खाली मुरूम दिसत होता. आकडेप्रेमी साहेब, आपल्या १,१२० लाख हेक्टरांत ते दोन एकर आजही पेरलेले आहेत, आणि आपल्या १०८ टक्क्यांत मला बुडवणारे पाणी जमेला आहे.

आकडेप्रेमी (मुंबई):
आपल्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटते. पुराच्या आठवड्यात 'रडगाणे' हा शब्द मी वापरायला नको होता, तो मागे घेतो. बाकीचा युक्तिवाद मागे घेत नाही.

काळी माती (परभणी):
शब्द मागे घेतल्याबद्दल आभार. त्याचीही नोंद साप्ताहिक अहवालात व्हावी. आता धरणे. 'नव्वद टक्के' म्हणजे कशाचे नव्वद टक्के? टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, मृतसाठा, म्हणजे तळाचे पाणी, तिच्यात धरत नाहीत. उजनीचा मृतसाठा सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी. म्हणजे उजनी 'शून्य टक्के' असते तेव्हा तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असते, आणि ती काठोकाठ भरते तेव्हा १११ टक्के होते. ज्या मोजपट्टीवर धरण उणे जाऊ शकते आणि शंभराच्या वरही जाऊ शकते, तिच्यावरून देश सुखी आहे की नाही, हे ठरवायचे? आमच्या पैठणच्या जायकवाडीचे शून्य २६ टीएमसीवर आहे. आणि २०१६मध्ये मांजरा धरण आटले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शून्याची तर जातच वेगळी.

निवृत्त अभियंता (पुणे):
मृतसाठा का वगळतात, हे आपणास ठाऊक नाही असे मी मानत नाही. कालव्याचे दार ज्या पातळीवर आहे तिच्या खालचे पाणी कालव्यात जात नाही, म्हणून ते सिंचनाच्या हिशेबात धरत नाहीत. उजनी उणे जाते, कारण नदीत पाणी सोडले जाते आणि पंप लावून ओढले जाते. हा मोजपट्टीचा दोष नाही, वापराचा आहे. उणे साठ्यातून कोणते पीक जगवले जाते, त्याचे नाव मी घेतले तर सोलापूरकर रागावतील.

सीनाकाठ (माढा):
नाव घ्या ना साहेब. ऊस. माझ्याकडे एक गुंठाही नाही.

काळी माती (परभणी):
उसाचे नाव निघालेच आहे तर जायकवाडीच्या वरच्या अंगाला, नाशिक-नगरकडेही पाहू. २०२३मध्ये आमच्या धरणात निम्मेदेखील पाणी आले नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, हे गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीचे तेव्हाचे सूत्र, तरी ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबर उलटत आला. वरची धरणे मात्र तेव्हा टक्केवारीत छान दिसत होती.

द्राक्षमळा (निफाड):
आता हे सहन होण्यापलीकडे गेले. आमचे गंगापूर धरण सगळे मिळून साडेपाच टीएमसीच्या आसपास, त्यावर बहुतांश नाशिक शहर पाणी पिते. तुमच्या जायकवाडीचा नुसता मृतसाठा त्याच्या चौपटीहून अधिक आहे. आमचे धरण भरले म्हणजे आम्ही चोर? धरणांसाठी जमिनी आमच्या पूर्वजांनी दिल्या, आणि पाणी सोडले की पंप बंद राहावेत म्हणून नदीकाठची वीज तोडायला माणसे आमच्याच बांधावर येतात. सोडलेल्यातले किती कोरड्या पात्रात जिरते आणि किती पैठणला पोहोचते, हेही कधी लिहा. दर वर्षी आम्हीच का द्यायचे?

काळी माती (परभणी):
दर वर्षी नव्हे, तुटीच्या वर्षी. आणि २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यावी असे लिहिले आहे, ते मी लिहिलेले नाही. जमिनी पैठणच्या बाजूलाही बुडाल्या, ताई. माझे आजोळ त्याच पाण्याखाली आहे. मामांना दुसऱ्या गावी जे घर मिळाले, त्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसते. धरणग्रस्ताच्या विहिरीला!

द्राक्षमळा (निफाड):
आजोळाचे वाचून वाईट वाटले. पण द्राक्षाला एप्रिलच्या छाटणीनंतर पाणी मिळाले नाही तर पुढच्या वर्षीचा माल जातो, हे तुम्हीही समजून घ्या. २०१६च्या उन्हाळ्यात आम्ही टँकरने बाग जगवली आहे. हिशेब मांडायचाच तर टक्के सोडा आणि टीएमसीत मांडा, म्हणजे कोण मोठा आणि कोण लहान ते दिसेल.

निवृत्त अभियंता (पुणे):
आश्चर्य असे की ताईंनी आणि गुरुजींनी एकमेकांवर रागावून एकच मागणी केली आहे. एक गोष्ट मीही नाइलाजाने कबूल करतो. उपयुक्त साठ्याचा जो आकडा भागाकाराला खाली असतो, तो अनेक ठिकाणी धरण बांधले तेव्हाचा आहे. गाळ मोजण्याची सर्वेक्षणे होतात, नाशिकची संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून ती करते, पण नवा आकडा तक्त्यात यायला वर्षे जातात, कारण क्षमता घटली असे लिहिले की कालव्याच्या शेवटच्या टोकाचे गाव लाभक्षेत्रातून वगळण्याचा प्रश्न येतो, आणि त्या कागदावर सही करायला कोणी पुढे येत नाही. मीही केली नव्हती.

आकडेप्रेमी (मुंबई):
माझे टिपण पावसावर होते, ते पैठणला वाहून गेले. तरी एवढे मान्य करतो की हंगामाच्या एका आकड्याऐवजी पंधरवड्यांचे आकडे द्यायला हवे होते, आणि पेरणीच्या शेजारी नुकसानीचा रकाना हवा होता. मात्र गुरुजी, देशाच्या आकड्याला खोटे ठरवायला आपल्याकडेही आठवणींशिवाय काही नाही. आपल्या गावात पाऊस कधी पडला आणि कधी नाही, याची नोंद कोठे आहे?

काळी माती (परभणी):
आहे. २००८पासून माझ्या अंगणात पर्जन्यमापक आहे, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, हवामान खाते मोजते त्याच वेळी, सकाळी साडेआठला, मी मोजतो. अठरा हंगामांच्या वह्या आहेत.

निवृत्त अभियंता (पुणे):
त्या वह्यांची छायाचित्रे पाठवा. मंडळाच्या केंद्राच्या नोंदीशी ताडून मी स्वतः तक्ता करून देतो, पंधरवड्यांसह. एक विचारतो : आपण परगावी असताना काय करता? बहुतेक वह्यांत त्या दिवशी शून्य लिहिलेले असते आणि सगळी सरासरी बिघडते.

काळी माती (परभणी):
लग्नकार्याला गेलो तर सूनबाई मोजतात. दोघेही नसलो त्या दिवसांचा रकाना कोरा सोडला आहे. शून्य लिहिलेले नाही.