नाराची हरणे डोंगरात हाकलायची का?

ओसाकावासी (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात भटकंतीप्रेमी यांनी त्यांच्या प्रवासवर्णनात लिहिले होते की, जपानमधल्या नारा शहरात मोकळी फिरणारी हरणे पर्यटकांच्या बिस्किटांसाठी लाचार झाली आहेत, त्यांच्या गोंधळामुळे तोदाइजी या बौद्ध मंदिराचे गांभीर्य लोपते, म्हणून ती मागच्या डोंगरात सोडून द्यावीत आणि नारा केवळ नोव्हेंबरच्या पानगळीसाठी पाहावे. हे वाचून मी इतका अस्वस्थ झालो की तिथे दोन ओळींचा प्रतिसाद देऊन समाधान होईना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

पहिली गोष्ट अशी की, ज्या पानगळीची आपण एवढी तारीफ केली, ती हरणांनीच घडवली आहे. नारा पार्कात शरद ऋतूत सर्वांत भडक लाल होणारे एक झाड म्हणजे नानकिनहाझे. हे मूळ चीनमधले झाड तिथे लावले गेले आणि टिकले, कारण हरणे त्याला तोंड लावत नाहीत. वसंताच्या तोंडावर कासुगा ताइशा या शिंतो देवस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर असेबीची झुडपे पांढऱ्या घोसांनी लगडतात. तीही तिथे इतकी माजली आहेत, कारण त्यांची पाने विषारी आहेत आणि हरणांना ते ठाऊक आहे. पार्कातली झाडे नीट पाहिली तर हरणाची मान पोहोचते तिथवर एकही डहाळी शिल्लक दिसत नाही आणि सगळ्या झाडांचा खालचा काठ एका सरळ रेषेत कापल्यासारखा दिसतो. हिरवळही हरणेच कातरून ठेवतात. हरणे काढली तर आपल्याला आवडलेले ते दृश्य काही वर्षांत मुळीच ओळखू येणार नाही.

दुसरी गोष्ट लाचारीची. तेराशेहून अधिक हरणांचे पोट पर्यटकांच्या बिस्किटांवर भरते, असे समजणे चुकीचे आहे. ती गवत, पाने आणि पडलेली फळे खाऊन जगतात. तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची ती चकती हे त्यांचे मधल्या वेळचे खाणे आहे. मंदिराच्या गांभीर्याविषयी म्हणाल, तर कासुगाची देवता काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आली, अशी तिथली श्रद्धा आहे आणि त्या देवस्थानाची स्थापना 768 मधली आहे. देवाचे वाहन देवळासमोर फिरते म्हणून गांभीर्य जाते, हे म्हणणे मला समजत नाही.

भटकंतीप्रेमी:
माझ्या लेखाची दखल घेतल्याबद्दल आभार, परंतु मी जे लिहिले ते डोळ्यांनी पाहून लिहिले. तोदाइजीच्या मोठ्या दरवाजाकडे जाताना एका हरणाने माझ्या पत्नीच्या पिशवीतून कागदी नकाशा ओढून घेतला, तो आमच्यादेखत चावून गिळला आणि नंतर तिच्या ओढणीचे टोक तोंडात धरले. ती घाबरून मागे सरली तेव्हा आजूबाजूचे लोक मोबाइलवर चित्रीकरण करत होते. 2019 मध्ये नारात मेलेल्या 14 हरणांपैकी 9 हरणांच्या पोटात प्लॅस्टिक सापडले आणि एकाच्या पोटात तर 4.3 किलोचा गोळा निघाला, हेही आपण लिहायला हवे होते. देवाच्या वाहनाला पिशव्या खाऊन मरू देणे ही श्रद्धा नव्हे. आपण तिथे जवळ राहता म्हणून आपल्याला सवय झाली आहे. पाहुण्याला जे खटकते ते यजमानाला दिसेनासे होते.

ओसाकावासी:
प्लॅस्टिकचा आकडा खरा आहे आणि तो मला आपल्याइतकाच अस्वस्थ करतो. मात्र त्या पिशव्या हरणांनी आणल्या नव्हत्या. विक्रीच्या बिस्किटांचा जुडगा ज्या कागदी पट्टीने बांधलेला असतो, ती पट्टीही हरणाने खाल्ली तरी अपाय होऊ नये अशीच बनवतात, आणि त्या विक्रीतला पैसा हरणांच्या संरक्षणाकडे जातो. प्लॅस्टिक येते ते आपल्यासारख्यांच्या खाऊच्या पिशव्यांतून. दोष पाहुण्याचा आणि शिक्षा हरणाला, हा आपला न्याय मला मान्य नाही.

शमी:
दोघांच्याही लिखाणात ऋतूंचा विचार नाही, याचे आश्चर्य वाटते. हरणांचा स्वभाव महिन्यागणिक बदलतो आणि बहुतेक तक्रारी चुकीच्या महिन्यात चुकीचे वागल्यामुळे होतात. मे ते जुलै हा पाडसे जन्मण्याचा काळ असतो. माद्या पाडसांना गवतात दडवून चरायला जातात. माझे वडील जूनमध्ये तोबिहिनोच्या कुरणाच्या कडेने सरळ पायवाटेने चालले होते, तेव्हा गवतातून एक मादी धावून आली आणि तिने पुढच्या पायांनी त्यांच्या छातीवर आघात केला. ते पडले, मनगट मोडले, आणि तरीही आजतागायत ते म्हणतात की तिचे बरोबर होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा नरांच्या माजाचा काळ असतो. ते चिखलात लोळून काळे होतात, मानेवर आयाळ येते आणि रात्री त्यांची लांब, उंच आरोळी ऐकू येते. जुन्या जपानी कवितेत शरदाची खूण म्हणून जी हरणाची साद येते, ती हीच. भटकंतीप्रेमी ज्या पानगळीत सर्वांना जायला सांगतात, त्याच दिवसांत नर सर्वांत जास्त धोकादायक असतात, हे त्यांनी वाचकांना सांगायलाच हवे होते.

भटकंतीप्रेमी:
म्हणजे उन्हाळ्यात माद्या लाथा मारणार आणि शरदात नर शिंगे खुपसणार. माझेच म्हणणे आपण सिद्ध केले आहे, त्याबद्दल आभारी आहे. शिवाय दर ऑक्टोबरला नरांना दोरांनी पकडून, जमिनीवर दाबून, प्रेक्षकांसमोर त्यांची शिंगे करवतीने कापतात, त्या प्रकाराला कोणीही क्रौर्य म्हणत नाही, हेही नमूद करतो.

शमी:
शिंगकापणीविषयी आपण ऐकीव माहितीवर लिहीत आहात, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. ही प्रथा 1672 पासूनची आहे आणि माजावर आलेल्या नरांनी माणसांना व एकमेकांना जखमी करू नये म्हणून ती सुरू झाली. ऑक्टोबरपर्यंत शिंग वाळून हाडासारखे कठीण होते, त्यात रक्त किंवा संवेदना उरत नाही आणि वसंतात नवे शिंग पुन्हा फुटते. नराला धरल्यावर त्याचे डोके उशीवर टेकवतात, शिंतो पुरोहित त्याला पाणी पाजून शांत करतो आणि मगच करवत चालवतो. पकडले जाताना तो घाबरतो, धडपडतो, हे मी नाकारत नाही. ते पाहताना माझाही श्वास अडकला होता. परंतु न कापलेल्या शिंगाने मांडी फाटलेला माणूस आपण पाहिला असता, तर क्रौर्य हा शब्द इतक्या सहज वापरला नसता.

वऱ्हाडी माणूस:
इतका वेळ शांतपणे वाचत होतो, पण आता राहवत नाही. येथे प्रत्येक जण पाहुण्याच्या किंवा भक्ताच्या नजरेने बोलत आहे. शेतकऱ्याचे नावसुद्धा कोणी काढलेले नाही. आमच्याकडे तुरीच्या उभ्या पिकात रोही (नीलगायी) शिरतात आणि एका रात्रीत वावर मोकळे करतात. पंचनामा, अर्ज, फोटो, हेलपाटे हे सर्व केल्यावर हाती येणाऱ्या रकमेत बियाण्याचाही खर्च निघत नाही. माझ्या काकांनी दोन हंगाम रात्री मचाणावर काढले आणि तिसऱ्या वर्षी ते वावर पडीक ठेवले. तेव्हा हरिण पवित्र आहे असे कोणी म्हणाले की मी आधी विचारतो, त्याचे पोट कोणाच्या शेतातून भरते? नाराच्या शेतकऱ्यांनीही हाच प्रश्न न्यायालयात नेला होता आणि 1985 मध्ये समझोता झाला, हे ओसाकावासी यांना माहीत असणार. मग ते गवत आणि पडलेल्या फळांचीच यादी का देतात?

ओसाकावासी:
आपला प्रश्न रास्त आहे. समझोत्यानंतर क्षेत्राचे भाग पाडले गेले. पार्क आणि देवस्थानाजवळच्या भागात पूर्ण संरक्षण, आणि बाहेरच्या भागात नुकसान करणाऱ्या हरणांना पकडण्याची मुभा. सर्वांत बाहेरच्या भागात 2017 पासून मर्यादित संख्येने हरणे मारलीही जातात. 1957 पासून नैसर्गिक वारसा म्हणून नोंद असलेल्या प्राण्याबाबत हा निर्णय सोपा नव्हता.

वऱ्हाडी माणूस:
आणि पिकात शिरलेली हरणे पकडून ज्या कुंपणात जन्मभर ठेवत आले, त्याचे काय? 2023 मध्ये तिथल्या जनावरांची आबाळ होत असल्याची तक्रार जाहीर झाली आणि प्रीफेक्चरला, म्हणजे तिथल्या प्रांतिक सरकारला, चौकशी करावी लागली. म्हणजे पार्कातले हरिण देवाचे, आणि तेच हरिण शेतात गेले की कैदी. पर्यटकाला दिसते त्या हरणासाठी बिस्किटांचा पैसा आहे. जे दिसत नाही त्याच्यासाठी आणि ज्याचे पीक गेले त्याच्यासाठी तो अपुरा पडतो. मला राग हरणावर नाही. श्रद्धेचे श्रेय शहराने घ्यायचे आणि तिची किंमत काठावरच्या माणसाने मोजायची, यावर आहे.

शमी:
हे मला पटते, आणि त्यात जंगलाचीही भर घालते. देवस्थानामागच्या कासुगायामा डोंगराच्या रानात 841 पासून शिकार आणि वृक्षतोड यांना बंदी आहे; 1998 च्या जागतिक वारशाच्या नोंदीतही ते आहे. आज तिथे ओकची रोपे उगवतात आणि हरणे ती खाऊन टाकतात, तर त्यांना न आवडणारी नागीची झाडे आणि ओसाकावासी यांची लाडकी नानकिनहाझे पसरत जातात. रोपे वाचवण्यासाठी जागोजागी कुंपणे घालावी लागली आहेत. पार्कातली जी लाली पाहून आपण भारावून जातो, तीच झाडे त्या जुन्या रानात शिरणे हे रानाचे दुखणे आहे. भटकंतीप्रेमींची सूचना मानून हरणे डोंगरात हाकलली, तर ती नेमकी या रानात जातील.

भटकंतीप्रेमी:
डोंगरात सोडण्याची सूचना मी मागे घेतो, कारण त्या रानाची ही अवस्था मला ठाऊक नव्हती. गर्दीच्या दिवसांत तोदाइजीतल्या दाइबुत्सु या मोठ्या बुद्धमूर्तीसमोर बिस्किटविक्री बंद ठेवावी, ही मागणी मात्र कायम आहे. 752 मध्ये ज्या बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले, तिच्यासमोर उभे राहताना माझे लक्ष पिशवीकडे असावे, हे मला मान्य नाही.

ओसाकावासी:
त्या एका जागेपुरती आपली मागणी मी समजू शकतो. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या शहरात जेमतेम 79 हरणे उरली होती. लोकांनी ती पुन्हा वाढवली. त्या काळातल्या लोकांना पर्यटक, बिस्किटे आणि फोटो यांचे आकर्षण नव्हते, तरी त्यांनी हे केले, एवढे ध्यानात ठेवून मागणी करावी. वऱ्हाडी माणूस यांच्या मुद्द्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. भरपाई वाढायला हवी आणि ती शहराच्या खिशातून जायला हवी, याबाबत मी त्यांच्या बाजूने आहे.

वऱ्हाडी माणूस:
बाजूने असणे पुरेसे नाही. पुढच्या वेळी नाराविषयी लिहाल तेव्हा पार्काच्या बाहेरच्या शेतांपर्यंत जाऊन लिहा, आणि तिथल्या एखाद्या शेतकऱ्याचे म्हणणे पहिल्या परिच्छेदात घ्या.

शमी:
ज्यांना तरीही जायचे आहे त्यांच्यासाठी: पाडसे पाहायची असतील तर जूनमध्ये रोकुएन या हरणांच्या निवाऱ्यात ती दाखवतात तिथे पाहा, गवतात शोधायला जाऊ नका. थंडीत तोबिहिनोवर शिंग फुंकून हरणांना बोलावतात आणि ओकची फळे देतात. 1892 पासूनचा हा प्रकार सकाळी होतो आणि त्यात कोणाच्या अंगावर हरिण येण्याचा संभव सर्वांत कमी असतो. बिस्किटे संपली की दोन्ही हात उघडून दाखवा, आणि प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन पार्कात जाऊ नका.