पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) पीअर असेसमेंट: २, १ की ०? गुण नेमके कशावर द्यायचे?

येरळाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यात कायाकल्पची (सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची योजना) पीअर असेसमेंट, म्हणजे एका पीएचसीच्या टीमने दुसरीची तपासणी, सुरू होतेय आणि त्याच टीमकडे एनक्वासची (आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची) अंतर्गत तपासणीही दिली आहे. टीममध्ये एक एमओ (वैद्यकीय अधिकारी), एक सिस्टर, एक औषध निर्माण अधिकारी. चेकलिस्ट भरायला येते, अडचण गुणांची आहे. आपसातल्या तपासणीत सगळेच ऐंशीच्या वर जातात आणि बाहेरची टीम आली की तीच पीएचसी सत्तरच्या खाली घसरते. मग आधीच्या तपासणीचा उपयोग काय?

वस्तू आहे पण चालू नाही, रजिस्टर आहे पण नोंदी खऱ्या वाटत नाहीत, सिस्टरला सगळं येतं पण कुठे लिहिलेलं नाही. अशा ठिकाणी गुण कसे द्यायचे? शिवाय ओपीडी, लेबर रूम, वॉर्ड, लॅब, राष्ट्रीय कार्यक्रम आणि प्रशासन हे सहाही विभाग एका दिवसात उरकायचे, तर जास्त वेळ कुठे द्यावा?

क्वालिटी_मिरज

नियम सोपा आहे, तो पाळणं अवघड. चेकपॉइंटमध्ये (चेकलिस्टमधल्या एकेका मुद्द्यात) जे जे मागितलंय ते सगळं असेल तर २, निम्मं किंवा त्याहून जास्त असेल तर १, निम्म्याहून कमी असेल तर ०. मिळालेले गुण भागिले चेकपॉइंटच्या दुप्पट, गुणिले शंभर, की टक्केवारी आली. गडबड होते ती १ या गुणामुळे. समोरचा ओळखीचा, उद्या तोच आपल्याकडे तपासणीला येणार, म्हणून जिथे ० द्यायचा तिथे १ पडतो. असे पन्नास १ पडले की टक्केवारी फुगते आणि बाहेरच्या टीमसमोर उघडी पडते.

दुसरं म्हणजे प्रत्येक चेकपॉइंटसमोर तपासायची पद्धत दिलेली असते: ओबी म्हणजे डोळ्यांनी बघणं, एसआय म्हणजे कर्मचाऱ्याला विचारणं, आरआर म्हणजे नोंदी तपासणं, पीआय म्हणजे रुग्णाला विचारणं. ओबी लिहिलंय तिथे रजिस्टर बघून गुण देऊ नका. एसआय आणि आरआर दोन्ही लिहिलंय तर दोन्ही जुळायला हवेत. सिस्टरला येतं पण लिखित कार्यपद्धती नाही, तिथे १ योग्य. लिहिलेलं भिंतीवर आहे पण सिस्टरला सांगता येत नाही, तिथे माझ्या मते ०. रुग्णावर उपचार सिस्टर करते, भिंत नाही.

वस्तू असेल तर ती चालवूनच बघा. ऑक्सिजन सिलिंडरची चावी त्यालाच बांधलेली आहे का, उघडल्यावर गेजचा काटा हलतो का, फ्लोमीटर उघडल्यावर ह्युमिडिफायरमध्ये बुडबुडे येतात का? त्यातलं पाणी रोज बदलतात का? अंबू बॅगचं (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) तोंड तळव्याने घट्ट दाबून बॅग दाबा. तळव्याला दाब जाणवला पाहिजे आणि जोरात दाबल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. नवजात बाळासाठी ० आणि १ नंबरचे मास्क हवेत. बॅग आहे, मास्क मोठ्या माणसाचा, तर बाळाच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. १ देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर सकाळी ओपीडी सुरू होताना पोचा आणि आधी ऑफिसात चहाला बसू नका. एखाद्या रुग्णाची परवानगी घ्या आणि केसपेपर काढण्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे राहा. किती वेळ उभं राहावं लागलं, तपासणीच्या टेबलाला पडदा आहे का, डॉक्टरांनी हात धुतले का, बीपी बघण्याआधी पाच मिनिटं बसवलं का, हे सगळं एकाच फेरीत कळतं. मग फाटकाबाहेर, एमओ आणि सिस्टर जवळ नसताना, त्याला पिशवीतली गोळी दाखवून विचारा: ही कधी घ्यायची, किती दिवस? उत्तर आलं नाही तर औषध वाटपाच्या रांगेत काय होतंय ते समजलं. रुग्णाला ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारलं की उत्तर ‘चांगली’ असंच येणार. आपल्याकडे लोक सरकारी दवाखान्याबद्दल तोंडावर वाईट बोलत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ लेबर रूमला द्या. त्यानंतर निर्जंतुकीकरण आणि कचरा. प्रशासनाचे कागद दुपारी बघितले तरी पळून जात नाहीत.

शिराळा_सिस्टर

लेबर रूममध्ये सात ट्रे असतात, ते झाकण उघडून बघा. ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) फ्रीजमध्ये आहे का? २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते ट्रेमध्येच पडून राहतं. बाळ जन्मल्यावर एका मिनिटात १० युनिट स्नायूत द्यायचं. ते कुठून आणणार, किती पावलं लागतात, हे चालून दाखवायला सांगा. गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचं विचारा: पाठवण्याआधीचा डोस दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचं इंजेक्शन असेल तर एका बाजूला १० मिली. २ मिलीचे अँप्यूल असतील तर दोन्ही बाजूंना मिळून दहा लागतात. ट्रेमध्ये चार असतील तर तो साठा कागदावरच.

पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा तक्ता) प्रसूतीनंतर एका बैठकीत भरलेला सहज ओळखता येतो. एकच शाई, एकच अक्षर, बाळाच्या ठोक्यांचे सगळे आकडे सारखे, कुठे खाडाखोड नाही. जुने चार-पाच केसपेपर स्वतः निवडून काढा, त्यांनी पुढे केलेले घेऊ नका.

आमच्या शिराळा-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात आणि पाटण-जावळीच्या डोंगरातही सर्पदंश हा विषय चेकलिस्टच्या दोन ओळींत संपवू नये. साप चावल्याच्या विषबाधेत लस (सर्पविषावरचं प्रतिविष) सुरू करताना १० व्हायल (बाटल्या) लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. साठ्यात पाच असतील तर ‘उपलब्ध’ म्हणून २ गुण कसे देणार? शेजारी ॲड्रेनलिन, ॲट्रोपिन, निओस्टिग्मिन आणि घड्याळ हवं. आणि काचेची टेस्ट ट्यूब. २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीला कोरडी, स्वच्छ, शक्यतो नवीन काचेची ट्यूब लागते. तिच्यात शिरेतलं २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि एकदाच तिरपी करून बघायची. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची ट्यूब वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसताना लस दिली जाते. रात्रपाळीच्या सिस्टरला ‘आत्ता ती ट्यूब दाखवा’ एवढंच म्हणा.

औषधभांडार_जत

कोल्ड चेनबद्दल, म्हणजे लसी थंड ठेवण्याबद्दल. आयएलआरचं (लसींच्या फ्रीजचं) तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारी आणि सणालासुद्धा. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४ अंशच लिहिलेलं असेल तर ते बघून लिहिलेलं नाही. ई-विनचा (लसींचा साठा आणि तापमान नोंदणारी ऑनलाइन यंत्रणा) आलेख मोबाईलवर उघडा आणि वीज गेलेल्या दिवशीची नोंद शेजारी ठेवून जुळवा. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात हे नक्की करा. पेंटा, हेपॅटायटिस बी, टीडी या लसी आयएलआरच्या तळाशी चिकटून ठेवल्या असतील तर गोठण्याचा धोका. व्हीव्हीएम (लसीच्या बाटलीवरची रंग बदलणारी खूण) गोठलेली लस दाखवत नाही, त्याने फक्त उष्णता कळते. संशय आला तर शेक टेस्ट (बाटली हलवून लस गोठली होती का ते बघणं) करायला लावा.

हायपोक्लोराइटचं (जंतुनाशक) द्रावण कोण आणि कसं करतं, ते सफाई कर्मचाऱ्यालाच विचारा, सिस्टरना नको. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे १ टक्का. ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला साधारण ३० ग्रॅम, तेही पावडर ताजी आणि बंद डब्यातली असेल तर. उघड्या पोत्यातल्या पावडरमधला क्लोरीन उडून गेलेला असतो, माप कितीही बरोबर असो. बादलीवर केल्याची तारीख-वेळ नसेल तर पूर्ण गुण नाहीत.

कचऱ्याच्या बादल्या रंगाप्रमाणे असतातच, आतलं बघा. लाल पिशवीत सुईसकट सिरिंज, निळ्या डब्यात औषधाची पुठ्ठ्याची खोकी, हे नेहमीचं. सुई हब कटरने (सुई कापायच्या यंत्राने) कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. साठवलेला कचरा ४८ तासांच्या आत उचलला जातो का, ते गाडीच्या पावत्यांवरून मोजा.

येरळाकाठ

खूप कामाचं. पण नोंदी खोट्या वाटल्या तर थेट ० लिहायचं का? संबंध बिघडतात, आणि पुढच्या महिन्यात तेच आमच्याकडे येणार.

क्वालिटी_मिरज

‘खोटी नोंद’ असा शब्द शेऱ्यात लिहू नका. जे दिसलं तेवढंच लिहा: ‘१ ते ३० तारखेच्या साठही नोंदी ४ अंश, त्याच काळात ई-विनवर दोन वेळा तापमान ८ च्या वर.’ यावर कोणी भांडत नाही, कारण त्यात मत नाही. गुण ० आणि पुरावा शेजारच्या रकान्यात. पुरावा नसलेला २ देखील तितकाच चुकीचा, त्यामुळे २ देतानाही काय बघितलं ते दोन शब्दांत टिपा. ही सवय लागली की टीममधल्या तिघांचे गुण आपोआप जवळ येतात.

संध्याकाळी निघण्याआधी तिथल्या एमओ आणि सगळ्या कर्मचाऱ्यांसोबत अर्धा तास बसा. शून्य मिळालेले चेकपॉइंट तीन ढिगांत टाका: आजच होणारे (ट्यूब, मास्क, चावी, लेबल), रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होणारे (पडदे, कोपराने चालणारा नळ, हब कटर) आणि जिल्ह्याकडे मागायचे (मनुष्यबळ, बांधकाम, मोठी यंत्रं). पहिल्या ढिगातलं तुमच्यादेखत करून घेता आलं तर उत्तम, पण गुण बदलू नका. तपासणीच्या वेळी जे होतं तेच लिहायचं. प्रत्येक गॅपसमोर (त्रुटीसमोर) पदाचं नाव आणि तारीख हवी. ‘सर्व कर्मचारी’ असं लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही.

एनक्वासचं प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असतं, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिल्या वर्षातच घसरण होते. म्हणून पुन्हा जाल तेव्हा नवी चेकलिस्ट भरण्याआधी जुनी गॅपशीट हातात घ्या.

कृष्णाकाठ

एक भर. पलूस, मिरज, वाळव्यातल्या नदीकाठच्या पीएचसींनी २०१९ चा पूर बघितलाय. तिथे आपत्ती आराखड्याची फाइल बघून गुण देऊ नका. पाणी आवारात आलं तर लस कोणत्या केंद्रात जाणार, कोल्ड बॉक्ससाठी आइसपॅक किती गोठवलेले आहेत, आठव्या-नवव्या महिन्यातल्या गरोदर बायकांची यादी कोणाकडे, इतकंच विचारा. यादी या आठवड्यातली असली तर २. मागच्या पावसाळ्यातली असली तर ०, कारण त्या बायकांची बाळंतपणं कधीच होऊन गेली.