नववीत गेल्यावर पोरांचं मैदान बंद करायचं का?

त्रिमूर्तीनगरचा बाप:
पोरगी नववीत गेली अन् क्लासवाल्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, आता बॅडमिंटन थांबवा. मला हे मुळीच पटलं नाही. हाडांची बहुतेक घनता अठरा-वीस वर्षांपर्यंत तयार होऊन जाते, आणि ती वाढायला उड्या मारणं, पळणं, जोर लावणं लागतं. नेमक्या त्याच वर्षांत आपण पोरांना दिवसभर बसवून ठेवतो. पुढे जिमचे पैसे भरून ती कसर पूर्ण निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. आपल्या पोरांची शाळेच्या व्हॅनपर्यंत चालण्यापलीकडे होते का?

आणि आपल्या नागपूरला खेळाचं वावडं कधीच नव्हतं. बॅडमिंटनपटू मालविका बनसोड इथलीच. ओजस देवतळे इथलाच, २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत विश्वविजेता झाला.

महालची आई:
भाऊ, ही नावं घेऊन आमच्यासारख्यांना गप्प करू नका. एक ओजस होतो, बाकीच्यांचं काय? खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक पातळीवर चमकलेल्यांसाठी. नीटमध्ये थोडे गुण कमी पडले तर सरकारी कॉलेज जातं अन् खाजगी आम्हाला झेपत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी क्लास, दुपारी ऊन, संध्याकाळी परत क्लास. तो तास आणायचा कुठून?

शाळेतले पीटी सर:
ताई, उन्हाबद्दल तुमचं बरोबर आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसातनंतर ऊन उतरेपर्यंत पोरांना मैदानावर ठेवूच नये. पण पदक अन् खेळणं, या दोन गोष्टींची गल्लत होतेय. माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांची पोरं गुडघ्याखाली दुखतं, टेंगूळ आलं म्हणत येतात. झपाट्यानं उंची वाढताना तिथल्या कोवळ्या हाडावर मांडीच्या स्नायूचा ताण येतो. बारा महिने एकच खेळ अन् विश्रांती नाही, असं असलं की हे जास्त दिसतं. अशांना मी स्पर्धा कमी करायला सांगतो, खेळणं नाही. स्पर्धा सोडली तर प्रवास अन् शिबिरांचा वेळ वाचतो. कबड्डी, खो-खोला फी लागत नाही. या वयात आठ ते दहा तास झोप हवी, आणि दमलेलं पोरगं मोबाईल टाकून झोपतं हे मी रोज पालकांकडून ऐकतो.

महालची आई:
सर, तुमचं पटतंय, पण तुम्ही मुलांचं बोलताय. आमच्या भागातल्या मैदानावर संध्याकाळी पोट्ट्यांचे क्रिकेटचे तीन-तीन डाव चालू असतात. माझी मुलगी उभी कुठे राहील? कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृहाला कुलूप. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. मी नको म्हणते ते अभ्यासापेक्षा यामुळे जास्त.

त्रिमूर्तीनगरचा बाप:
हे मात्र मी लक्षातच घेतलं नव्हतं, कारण आम्ही हॉलचं भाडं भरू शकतो. तरी बंद करणं हा उपाय नाही, ताई. चार-पाच आया मिळून नगरसेवकाकडे संध्याकाळी ५ ते ६ मैदान फक्त मुलींना मागा, कुलपाचंही सांगा. मी यायला तयार आहे.

महालची आई:
अर्जावर सही करते. पण कुलूप निघेपर्यंत मुलगी घरीच राहील.