मदत हवी आहे: पॅकर्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या निवडीचा अंदाज कसा बांधायचा?

चौथी_डाऊन

नमस्कार मंडळी. आमच्या गटात एनएफएल ड्राफ्टची (अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्याची) पैज लागते. पैसे नाहीत, हरणाऱ्याने मिसळ द्यायची. प्रत्येकाला एक संघ, माझ्या वाट्याला ग्रीन बे पॅकर्स. पहिल्या तीन फेऱ्यांतल्या संघाच्या दर निवडीमागे ५ नावं द्यायची. नेमक्या त्या निवडीला तो खेळाडू गेला तर ३ गुण, त्याच संघात पण दुसऱ्या निवडीला गेला तर १.

यंदा, म्हणजे २०२६ ला, पॅकर्सना पहिली फेरीच नाही. मायका पार्सन्स या बचावपटूच्या बदल्यात २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेऱ्या, शिवाय खेळाडू केनी क्लार्क, असं सगळं डॅलसला गेलंय. त्यामुळे खेळ सुरूच दुसऱ्या फेरीत, पन्नाशीतल्या निवडीपासून.

सध्याची पद्धत: बऱ्याच जाणकारांच्या क्रमवाऱ्यांची सरासरी काढून ३०० नावांची एक्सेल. शेजारी ‘संघाची गरज’ हा रकाना, त्यात १ ते ५ आकडा. क्रमवारी आणि गरज यांचा गुणाकार करून वरची ५ नावं. हीच पद्धत मागच्या चार ड्राफ्टवर चालवून पाहिली. २०२२ ते २०२५ मध्ये पॅकर्सनी दुसऱ्या फेरीत ६ खेळाडू घेतले. माझे बरोबर आलेले: शून्य.

प्रश्न तीन. गरज मोजायची कशी? धावण्या-उड्यांचे आकडे कितपत धरायचे? आणि पहिली फेरी नसताना इतक्या खालच्या निवडीचा अंदाज करण्यात काही अर्थ आहे का?

---

करारपत्र

गडबड ‘गरज’ रकान्यात आहे. तुम्ही बहुतेक मागच्या हंगामात कोण वाईट खेळलं त्यावरून आकडा देताय. संघ तसं बघत नाहीत. तो रकाना मोडून दोन करा.

पहिला रकाना: मार्चमध्ये रिकामी झालेली जागा. २०२१ मध्ये सेंटर (आक्रमणाच्या लाइनमधला मधला गडी) कोरी लिन्सली चार्जर्सकडे गेला, एप्रिलमध्ये दुसऱ्या फेरीत सेंटर जॉश मायर्स आला. २०२२ च्या मार्चमध्ये दावांते अ‍ॅडम्स रेडर्सकडे गेला, एप्रिलमध्ये रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) ख्रिश्चन वॉटसन आला. २०२४ मध्ये लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) डेव्हाँड्रे कॅम्पबेलला मोकळं केलं, एप्रिलमध्ये ४५ व्या निवडीला एजरिन कूपर.

दुसरा रकाना: पुढच्या मार्चमध्ये रिकामी होणारी जागा. इथेच बहुतेक जण चुकतात. २०२० मध्ये ए. जे. डिलन हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ६२ व्या निवडीला घेतला तेव्हा संघात अ‍ॅरन जोन्स आणि जमाल विल्यम्स दोघेही होते. गरज शून्य वाटेल. पण दोघेही २०१७ च्या ड्राफ्टचे, दोघांचेही चार वर्षांचे करार त्याच हंगामानंतर संपणार होते. २०२५ ला पहिल्या फेरीत रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन आला त्याआधी वॉटसनचा गुडघा जानेवारीतच गेला होता, आणि वॉटसन व दुसरा रिसीव्हर डब्स या दोघांचेही २०२२ चे मूळ करार २०२५ नंतर संपत होते.

हिशोब सोपा आहे. ड्राफ्टमधून आलेल्याचा करार चार वर्षांचा; पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीवाल्यांना. म्हणून २०२६ साठी २०२३ च्या यादीकडे बघा: मसग्रेव्ह आणि क्राफ्ट (दोघे टाइट एंड, म्हणजे अडवणारे आणि झेलणारेही) व रिसीव्हर रीड यांचे मूळ करार २०२६ हंगामानंतर संपतात. ज्याचा करार वाढवला किंवा जो संघातून गेला त्याला खोडा, उरलेल्यांच्या जागांना दुसऱ्या रकान्यात ४ किंवा ५ द्या. ‘आमचा कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) मागच्या वर्षी मार खात होता’ याला १ च्या वर देऊ नका.

आणि आयपीएलच्या लिलावाची सवय डोक्यातून काढा. इथे बोली नाही, पगार निवडीच्या क्रमांकावर ठरल्यासारखाच असतो. ‘परवडेल का’ हा प्रश्न खेळाडू घेताना येत नाही, चार वर्षांनी येतो. म्हणून तर एक वर्ष आधी बदली आणून ठेवतात.

---

हिमवारा

करारपत्र यांच्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. संघाचा सरव्यवस्थापक कोण, हे आधी. ब्रायन गुटेकुन्स्ट २०१८ पासून आहेत, म्हणजे आठ ड्राफ्ट. पहिल्या दोन फेऱ्या काढून मांडा.

पहिली फेरी, १० खेळाडू: अलेक्झांडर, गॅरी, सॅव्हेज, लव्ह, स्टोक्स, वॉकर, वायट, व्हॅन नेस, मॉर्गन, गोल्डन. यात बचावाचे ७, आक्रमणाचे ३.

दुसरी फेरी, १० खेळाडू: जॅक्सन, जेंकिन्स, डिलन, मायर्स, वॉटसन, मसग्रेव्ह, रीड, कूपर, बुलार्ड, बेल्टन. इथे आक्रमणाचे ७, बचावाचे ३.

बरोबर उलटं. दहा-दहा नावांवरून नियम काढू नये हे मान्य, पण कारण पटण्यासारखं आहे. अंगापिंडाने मोठा आणि वेगवान असा एज रशर (टोकावरून धावून जाणारा बचावपटू) किंवा कॉर्नर पहिल्या फेरीनंतर फारसा उरत नाही. रिसीव्हर, सेंटर, गार्ड (सेंटरच्या शेजारचा), टाइट एंड चाळिशी-पन्नाशीतही चांगले मिळतात. त्यामुळे ५ नावांत निदान ३ आक्रमणाची ठेवा.

यंदा मात्र एक पेच आहे. पहिली फेरीच नाही, तेव्हा बचावाची भूक तिथे भागणार नाही, ती खाली सरकू शकते. म्हणून मी ७:३ चं ६:४ करेन, त्यापुढे नाही.

प्रशिक्षक बदलला की मोजमापं बदलतात हेही बघा. २०२४ मध्ये जेफ हाफ्ली बचावाचे प्रमुख म्हणून आले, ३-४ रचना (पुढे तीन, मागे चार लाइनबॅकर) जाऊन ४-३ (पुढे चार, मागे तीन) आली. त्याच ड्राफ्टमध्ये दोन लाइनबॅकर (कूपर, हॉपर) आणि तब्बल तीन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू (बुलार्ड, एव्हन विल्यम्स, ओलाडापो). ज्याने नुसता ‘एक सेफ्टी हवा’ असा रकाना भरला त्याला दुसरा आणि तिसरा दिसणं शक्यच नव्हतं. बचावाचा प्रमुख बदलला असेल तर आधीच्या प्रमुखाच्या काळातली एज रशरची वजनं-उंच्या चाळणीत वापरू नका.

---

थांबघड्याळ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आकडे धरा, पण नाव निवडायला नाही, नाव खोडायला. पॅकर्सना चपळ अंग आवडतं हे जुनं आहे. लुकास व्हॅन नेस आयोवा विद्यापीठासाठी एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता, तरी १३ वा गेला. मसग्रेव्ह कॉलेजच्या शेवटच्या हंगामात दुखापतीमुळे दोनच सामने खेळला, तरी ४२ वा. गोल्डनने कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या एकत्रित चाचण्यांत) ४० यार्ड ४.२९ सेकंदांत मारले. कॉलेजची आकडेवारी हा यांचा मुख्य निकष नाही.

तुमच्या एक्सेलमध्ये चुका कुठे होतात ते सांगतो.

एक, कोरा रकाना. थ्री-कोन आणि शटल (वळून धावण्याच्या चाचण्या) आजकाल बरेच खेळाडू धावतच नाहीत. तिथे शून्य भरलंत, किंवा सूत्राने आपोआप शून्य धरला, तर चांगला गडी तळाला जातो. कोरं ते कोरंच ठेवा आणि सरासरी उपलब्ध चाचण्यांचीच काढा. तीनपेक्षा कमी चाचण्या असतील तर गुण देऊच नका, ‘माहिती नाही’ लिहा. ‘माहिती नाही’ म्हणजे ‘वाईट’ नव्हे.

दोन, घड्याळ. कंबाइन इंडियानापोलिसला एका छताखाली, सगळ्यांना एकच जमीन. प्रो-डे म्हणजे ज्याच्या त्याच्या कॉलेजात, हातातल्या घड्याळावर. तिथल्या वेळा उदार असतात. दोन्ही एका रकान्यात मिसळू नका. प्रो-डेच्या ४० यार्डांत मी ०.०४ वाढवून बघतो. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे.

तीन, वजनाशिवाय वेग. ४.५० हा आकडा १८५ पौंडांच्या कॉर्नरचा असेल तर साधा, २३० पौंडांच्या लाइनबॅकरचा असेल तर कान टवकारा. तुलना नेहमी त्या-त्या जागेतल्याच खेळाडूंशी. ० ते १० मध्ये आरएएस (जागेनुसार शारीरिक चाचण्यांचे) गुण तयार मिळतात, ते वापरा आणि ८ च्या खालच्याला खोडण्याऐवजी निम्मं वजन द्या. कारण चाळणी फार घट्ट केली की काय होतं बघा: ‘पॅकर्सना उंच रिसीव्हर लागतात’ असं धरून ६ फुटांची अट लावली असती तर वॉटसन राहिला असता, पण जेडन रीड आणि गोल्डन दोघेही गळाले असते. दोघेही ५ फूट ११ इंच.

वयाचा रकाना आहे का? नसेल तर घाला. करोनाच्या हंगामाचं जादा वर्ष आणि कॉलेजात मिळू लागलेले पैसे यांमुळे २३-२४ वर्षांचे खेळाडू बरेच दिसतात.

---

चौथी_डाऊन

मंडळी, जबरदस्त. शून्य भरण्याची चूक केलीच होती, ४१ ओळींत सापडली.

अजून एक. ३० भेटींच्या बातम्या येतात, अमका खेळाडू ग्रीन बेला जाऊन आला वगैरे. त्यांना किती वजन देऊ?

---

करारपत्र

थोडं. प्रत्येक संघाला आपल्या आवारात ३० खेळाडू बोलावता येतात, पण सगळे आवडते म्हणून बोलावत नाहीत. कोणाचा गुडघा डॉक्टरांना पुन्हा बघायचा असतो, कोणाला कंबाइनचं आमंत्रणच नसतं म्हणून पहिल्यांदा मोजायचं असतं, कोणाला ड्राफ्टनंतर फुकटात घेण्यासाठी आधी ओळख करून ठेवायची असते. खेळाडू तुमच्या टापूत, म्हणजे सरासरी क्रमवारीत ३० ते ८५ मध्ये असेल तरच भेटीला किंमत द्या. १९० व्या क्रमांकाच्या खेळाडूची भेट सातव्या फेरीसाठी आहे, तुमच्या कामाची नाही.

---

बाकावरचा

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. (‘पिक’ म्हटलं की मला ज्वारी दिसते, म्हणून ‘निवड’च म्हणतो.)

समजा एखादा खेळाडू ४५ ते ६५ च्या दरम्यान कुठेही जाऊ शकतो. साधारण २० निवडी, म्हणजे ठराविक एका निवडीला तो जाण्याची शक्यता ५ टक्के. तुमच्या जुन्या पद्धतीत ती ४ टक्के धरू. ५ नावं मिळून २० टक्के. प्रत्येक वेळी चुकण्याची शक्यता ८० टक्के, आणि सहाही वेळा चुकण्याची ०.८ चा सहावा घात, म्हणजे साधारण २६ टक्के. चारात एकदा असं होणारच. तेव्हा शून्यावरून पद्धत टाकाऊ ठरत नाही.

आता वरच्या चाळण्यांनी तेच ४ टक्के ८ झाले तर ५ नावांचे ४० टक्के. सहाही चुकण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. एवढाच फायदा, पण मिसळ वाचवायला पुरेसा.

म्हणून जुन्या वर्षांवर पद्धत तपासताना ‘नाव आलं का’ असं विचारू नका. ‘चाळणीनंतर उरलेल्या १५ नावांत खरा खेळाडू होता का’ आणि ‘जागा बरोबर आली का’ हे मोजा. सहापैकी चार वेळा तो १५ मध्ये असेल तर चाळणी नीट आहे, फक्त शेवटची निवड नशिबाची. सहापैकी एकदाच असेल तर कुठली तरी अट फाजील कडक आहे. एकेक अट काढून पुन्हा चालवा, म्हणजे दोषी सापडेल.

दुसरं, निवडीचा क्रमांक पक्का समजू नका. गुटेकुन्स्ट जागचे हलतात. २०२३ ला ४५ वरून ४८, तिथून ५० वर उतरले आणि मग रीड घेतला. वाटेत मिळालेल्या १५९ आणि १७९ मधून विक्स आणि कार्ल ब्रूक्स आले. २०२२ ला उलटं: वॉटसनसाठी ५३ आणि ५९ देऊन ३४ वर चढले. जिमी जॉन्सन या प्रशिक्षकाच्या, निवडींची किंमत मांडणाऱ्या जुन्या तक्त्यात ३४ ची किंमत ५६०, तर ५३ चे ३७० आणि ५९ चे ३१० मिळून ६८०. म्हणजे १२० जास्त मोजले, तेही आपल्याच विभागातल्या वायकिंग्जना. २०२० मध्ये लव्हसाठी ३० आणि १३६ देऊन २६ घेतली तेव्हा ७०० च्या मालाला ६५८ दिले होते. तक्ता अंदाजाला आहे, वजनकाटा नव्हे.

त्यामुळे यादी नेमक्या क्रमांकाची करू नका. अलीकडे-पलीकडे १५ जागांचा पट्टा धरा. ५ पैकी १ नाव असं ठेवा की जे तुमच्या मते थोडं आधी जायला हवं. घसरण कधीकधी अफाट असते. २०२५ ला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा म्होरक्या) शेदूर सँडर्सचं नाव पहिल्या फेरीच्या किती याद्यांत होतं, आणि गेला १४४ वा. क्वार्टरबॅक तुम्हाला नकोय, पण असा एखादा घसरला की त्याच्या जागी वर दुसरं कोणीतरी गेलेलं असतं.

पाचही नावं एकाच जागेची नकोत. जागा चुकली की पाचही बुडतात. २ आक्रमणाच्या लाइनचे, १ रिसीव्हर किंवा टाइट एंड, २ बचावाचे, हे हिमवारा यांच्या ६:४ शी जुळतं. लाइनसाठी कॉलेजात टॅकल (लाइनच्या टोकाला) खेळलेला गडी बघा, जो आत गार्डलाही चालेल. मॉर्गन आणि बेल्टन दोघेही तसेच.

---

हिमवारा

आणि यादी कधी बंद होते ते नियमात बघा. पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री ८ ला, म्हणजे भारतात शुक्रवारी पहाटे ५:३०. दुसरी फेरी आपल्याकडे शनिवारी पहाटे ४:३०. मधे जवळजवळ पूर्ण दिवस मिळतो. त्या दिवसात यादी बदलता येत असेल तर पहिल्या फेरीत गेलेली ३२ नावं खोडून सगळं पुन्हा चालवा.

---

चौथी_डाऊन

नियम पाहिला. शुक्रवारी रात्री ११ पर्यंत बदल चालतो! जुन्या सहा निवडींवर नवी चाळणी आत्ता चालवली: १५ च्या यादीत तीन वेळा खरा खेळाडू आला. बेल्टन आणि बुलार्ड गळाले ते वयाच्या अटीमुळे नाही, ८ च्या खाली निम्मं वजन दिलं त्यामुळे. ते पाऊण करून पुन्हा बघतो आणि इथेच आकडा टाकतो.