देवदाराखाली काहीच उगवत नाही?

"सूचिपर्णी जंगलाखाली गवतही उगवत नाही" असं एक मत वाचलं; सूचिपर्णी म्हणजे देवदार, चीड, फर अशी सुईसारख्या पानांची झाडं. ते मत मला पटलं नाही. ते थोडंफार लागू पडतं चीडच्या (हिमालयातल्या पाइनच्या) जंगलाला. तिथे पिरूल, म्हणजे वाळक्या सुयांचा जाड थर साचतो आणि उन्हाळ्यात वणवे पेटतात.

पण उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथकडे चढू लागा. साधारण २,७०० मीटरच्या पुढे फर, खर्सू (एक ओक), त्यांच्या सावलीत थुनेर (हिमालयातला यू वृक्ष), रिंगाळ बांबू, नेचे, शेवाळ. बर्फ वितळलं की नागछत्री आणि वनककडी या औषधी वनस्पती डोकं वर काढतात. थंडीत सुया फार सावकाश कुजतात, त्या थरात बी रुजणं अवघड. म्हणून फरची रोपं अनेकदा पडलेल्या कुजक्या खोडावर धरतात. ते ओंडके कुणी 'साफसफाई' म्हणून हलवू नयेत, अगदी कळकळीने सांगतो.

आपल्या नाशिकच्या डोंगरांत मूळचे सूचिपर्णी नाहीतच. (बागेतला सुरू तसा दिसतो, पण तो फुलझाडांतला.) तरी अंजनेरीच्या पठारावरचं कंदीलपुष्प पाहिलं की मला नागछत्री आठवते. एकीला गर्द सावली हवी, दुसऱ्याला उघडा माळ. पण दोन्ही वर्षातला बराच काळ कंदाच्या रूपात जमिनीखालीच काढतात. नागछत्रीचे कंद मात्र औषधी व्यापारासाठी बेसुमार उपटले जातात.